पेडल खाली का जातंय? घरी ब्रेकचं काम केल्यानंतरची शोधाशोध

रविवारची दुपार. पुढचे डिस्क पॅड बदलून झाले, मागचे ब्रेक शू बदलून झाले, चारही चाकं चढवली, हात धुतले. सीटवर बसून ब्रेक दाबला, तर पाय सरळ खाली. सकाळपर्यंत अर्ध्यात लागणारा ब्रेक आता तळाशी जाऊन कसाबसा लागतोय. त्या क्षणी पोटात जो गोळा येतो तो मी अनुभवलाय. त्यानंतर जी चूक केली ती बहुतेक जण करतात: ‘हवा राहिली असणार’ असं स्वतःच ठरवलं आणि पुन्हा ब्लीडिंगला, म्हणजे लाइनमधली हवा काढायला, बसलो. दोनदा हवा काढली, ब्रेक ऑइलची अर्ध्या लिटरची बाटली संपवली, पेडल जसंच्या तसं. हवा नव्हतीच. मागचे नवे शू ड्रमपासून लांब राहिले होते.

तेव्हापासून माझा नियम असा, की पाना हातात घ्यायच्या आधी पेडल नीट वाचायचं. मऊ पेडल एकच नसतं, त्याचे तीन प्रकार असतात आणि तिघांची कारणं वेगळ्या ठिकाणी सापडतात. इथे मी धरून चाललोय ती आपल्या रस्त्यांवर सगळीकडे दिसणारी छोटी गाडी: पुढे डिस्क, मागे ड्रम, मधे व्हॅक्यूम बूस्टर, म्हणजे इंजिनच्या ओढीने पायाचा जोर वाढवणारा डबा.

एक गोष्ट आधीच. पेडल पटत नाही तोवर गाडी गेटबाहेर काढायची नाही. ‘गॅरेज कोपऱ्यावरच आहे, हळू नेतो’ हेही नाही. मेकॅनिक घरी येतो, नाहीतर गाडी टोचन गाडीवर जाते.

पंप केलं होतं का?

हसू नका, पहिला प्रश्न हाच. नवे जाड पॅड बसवताना कॅलिपरचा (पॅडने डिस्क दाबणाऱ्या चिमट्याचा) पिस्टन आपण आत ढकलतो. तो पुन्हा पॅडपर्यंत यायला ऑइल लागतं, आणि ते थोडंथोडकं नाही. समजा पिस्टन 50 मिमी व्यासाचा आहे आणि तुम्ही तो 5 मिमी जास्त आत दाबलात. हिशोब केला तर एका कॅलिपरला जवळपास 10 सीसी ऑइल परत पाठवावं लागेल. एका दाबात मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलतो तो) एवढं देत नाही. त्यामुळे पहिले काही दाब रिकामेच जाणार. इंजिन बंद ठेवून सावकाश, अर्ध्यापर्यंतच, पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा. दहा-बारा दाबांत घट्ट झालं आणि पाच मिनिटांनी पुन्हा दाबल्यावरही पहिल्याच दाबाला वर लागलं, तर तुमचं काम झालं.

दुसरी फसगत इंजिनची. इंजिन बंद असताना दगडासारखं लागणारं पेडल चालू केल्यावर मऊ वाटतं, कारण बूस्टर मदतीला येतो. हा दोष नाही. म्हणून पुढच्या सगळ्या चाचण्या इंजिन बंद ठेवून, आणि आधी पाच-सहा वेळा पेडल दाबून बूस्टरमधला उरलेला व्हॅक्यूम संपवून करायच्या. नाहीतर बूस्टरचा मऊपणा आणि ब्रेकचा मऊपणा यांची गल्लत होते.

पेडलची तीन बोलणी

पाय हलका ठेवा आणि सावकाश दाबा. घाई केली तर काही कळत नाही.

स्पंजासारखं: पेडल दाबलं जातं, पण ठाम शेवट लागत नाही. जितका जोर वाढवाल तितकं थोडं आणखी जातं आणि सोडलं की स्प्रिंगसारखं पाय वर ढकलतं. इथे काहीतरी दबतंय. बहुधा हवा, कधी फुगणारी रबरी होज, कधी वाकणारा पॅड.

खोल पण घट्ट: पेडल बरंच खाली जातं, मात्र जिथे लागतं तिथे ठामपणे लागतं. लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर वर लागतं. थोडं थांबून दाबलं की पुन्हा खाली. इथे काही दबत नाही, भरायची जागाच जास्त आहे. मागच्या शूंचं अंतर हा पहिला संशयित.

बुडणारं: पेडल वर लागतं, घट्टही वाटतं, पण पाय एकाच जोराने दाबून ठेवला तर अर्ध्या मिनिटात हळूहळू खाली सरकत जातं. इथे ऑइल कुठून तरी निसटतंय, बाहेर किंवा आतल्या आत.

दोन प्रकार एकत्रही असू शकतात. तसं असेल तर खोलपणा आधी काढा, स्पंज नंतर. उलट केलं तर माझ्यासारखं ऑइल वाया जातं.

खोल पण घट्ट: मागच्या ड्रमकडे जा

एक सोपी चाचणी आहे. गाडी सपाट जागेवर, चाकांना दगड. हँडब्रेक दोन-तीन दाते ओढा आणि पेडल दाबा. पेडल एकदम वर लागलं तर उत्तर मिळालं. हँडब्रेकने शू ड्रमच्या जवळ नेले, भरायची जागा कमी झाली, म्हणजे अंतर मागेच होतं. ही चाचणी मला त्या रविवारी माहीत असती तर अर्धा लिटर ऑइल वाचलं असतं.

आता जॅक लावा, खाली जॅक स्टँड द्या (नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालायचा नाही), ड्रम काढा. आतली काळी भुकटी फुंकायची नाही, हवेच्या नळीने तर मुळीच नाही. ओल्या फडक्याने पुसा. मग बघायचं काय?

अ‍ॅडजस्टर. शू आणि ड्रममधलं अंतर हाच राखतो. काही गाड्यांत दातेरी चाकाचा स्क्रू असतो, काहींत दात्यांची पट्टी. दातेरी चाकाच्या प्रकारात डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. दोन्ही बाजू एकाच वेळी उघडल्या आणि अ‍ॅडजस्टर अदलाबदल झाले तर स्वयंचलित यंत्रणा शू जवळ आणण्याऐवजी लांब नेत राहते. म्हणून एका वेळी एकच बाजू उघडायची. दुसरी बाजू तुमचं नमुनाचित्र असते, मोबाइलमधल्या फोटोपेक्षा भरवशाचं.

पुढचा मुद्दा हँडब्रेकच्या केबलचा. शू बदलताना बरेच जण आधी केबल ताणून घेतात. मग शू पूर्ण मागे आपल्या जागी बसतच नाहीत आणि अ‍ॅडजस्टर काम करत नाही. क्रम उलटा हवा: केबल सैल, शू अ‍ॅडजस्ट, ड्रम चढवून बघणं, आणि शेवटी केबल. ड्रम हाताने फिरवताना शू अगदी पुसटसा घासल्याचा ‘खस्स’ आवाज यायला हवा, पण ड्रम अडता कामा नये. एकदा पेडल दाबून सोडा म्हणजे शू मध्यावर येतील, आणि पुन्हा फिरवून बघा.

ड्रमच्या आतल्या कडेला बोटाला लागेल असा कंगोरा तयार झाला असेल तर ड्रम झिजलाय. जास्तीत जास्त व्यास सहसा ड्रमवरच कोरलेला असतो. त्याच्या पुढे गेलेल्या ड्रममध्ये नवे शूही नीट टेकत नाहीत.

ड्रम उघडाच आहे तर व्हील सिलिंडरच्या (ऑइलच्या दाबाने शू ढकलतो त्याच्या) रबरी टोपीची कड पेचकसने जरा उचलून बघा. आत ओल दिसली तर सिलिंडर गेलाय. जुन्या झिजलेल्या शूंबरोबर पिस्टन बाहेरच्या भागात चालत होते. नव्या जाड शूंनी ते आत गंजलेल्या भागात ढकलले, आणि कालपर्यंत कोरडा असलेला सिलिंडर आज पाझरायला लागला, असं होतं.

स्पंज: हवा आहे, पण कुठे?

हवेचा बुडबुडा किती त्रास देतो याचा अंदाज घ्या. मास्टर सिलिंडरचा व्यास 20 मिमी धरा. लाइनमध्ये फक्त 1 सीसी हवा आहे. दाब वातावरणाच्या दहापट झाला की ती दबून 0.1 सीसी होते, म्हणजे 0.9 सीसी ऑइल फुकट गेलं. त्यासाठी मास्टरचा पिस्टन जवळजवळ 3 मिमी जास्त सरकतो. पेडलची तरफ चौपट धरली तर पायाखाली ते सव्वा सेंटीमीटरच्या आसपास होतं. एका वाटाण्यापेक्षा थोड्या मोठ्या बुडबुड्याला एवढं!

पाना लावण्यापूर्वी आठवा की हात नेमका कुठे लागला होता. फक्त पॅड बदलले, नळी उघडली नाही, निपलला (हवा काढायच्या तोटीला) पाना लावला नाही, ऑइलची टाकी रिकामी झाली नाही, तर हवा आत शिरायला वाटच नाही. अशा वेळी हवा काढत बसू नका, सरळ पॅडकडे जा. होज किंवा कॅलिपर सुटा केला होता, तर हवा त्याच चाकात असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. होज कॅलिपरला जोडणाऱ्या बॅन्जो बोल्टच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवे घातले होते का तेही बघा. जुना दबलेला वॉशर पुन्हा वापरला की तिथे ओल येते.

आणि आता माझ्या आवडीची चूक, जी शेजाऱ्याच्या गाडीत प्रत्यक्ष पाहिली. दोन्ही कॅलिपर रंगवायला म्हणून काढले, सुंदर लाल रंग दिला, परत बसवले. तीन दिवस हवा काढणं चालू. निपलमधून स्वच्छ ऑइल येतंय, एकही बुडबुडा नाही, पेडल मात्र उशीसारखं. मी खाली वाकून बघितलं, तर निपल कॅलिपरच्या खालच्या टोकाला. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला होता. बोल्ट बसतात, नळी बसते, सगळं जुळतं. पण हवा वर जाते आणि निपल खाली, मग ती बाहेर येणार कशी? निपल नेहमी कॅलिपरच्या सगळ्यात उंच जागी हवा. हे बघायला दहा सेकंद लागतात.

हवा काढायची ती अशी

दोन माणसं लागतात. माझ्याकडे पेडलवर अण्णा, म्हणजे माझे वडील. आयुष्यभर एसटी चालवली. पहिल्यांदा बसले तेव्हा म्हणाले, “आमच्या गाडीला हवा भरल्याशिवाय ब्रेक सुटत नव्हता, आणि तू हवा काढायला बसलायस.” बरोबरच होतं त्यांचं. एसटीचा ब्रेक हवेवर चालतो, आपला ऑइलवर.

ऑइल म्हणायचं, पण ते तेल नाही. डॉट 3, डॉट 4 आणि डॉट 5.1 ही ग्लायकॉलच्या जातीची द्रवं आहेत. डॉट 5 सिलिकॉनचं, त्याला यांच्यात मिसळायचं नाही. टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच, आणि सील न फोडलेल्या बाटलीतलं. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर बॉनेटचा रंग सोलून निघेल.

निपलवर आधी रिंग पाना चढवा, मग पारदर्शक नळी. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडलेलं. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा, म्हणजे पाय तळापर्यंत जाणार नाही. का ते पुढे सांगतो. आमचं बोलणं ठरलेलं असतं:

“अण्णा, दाबा.”
“दाबलं.”
“धरून ठेवा.” निपल पाव फेरा सैल. नळीतून ऑइल सरकतं, पेडल खाली जातं.
“टेकलं.”
निपल बंद. “सोडा.”

अख्खी मेख शेवटच्या दोन ओळींत आहे. निपल बंद व्हायच्या आधी पाय उचलला तर काढलेली हवा परत आत. त्यामुळे ‘सोडा’ ऐकल्याशिवाय पाय हलवायचा नाही, हे पेडलवरच्या माणसाला आधीच बजावून ठेवा. दाबणं सावकाश हवं. धडाधड पंप केलं की मोठ्या बुडबुड्याचे शंभर बारीक होतात आणि ते भिंतीला चिकटून बसतात. दर पाच-सहा दाबांनी टाकीत ऑइल भरा. टाकी एकदा कोरडी पडली की मास्टरमध्येच हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून.

क्रम गाडीच्या पुस्तकात असतो, तो पाळा. पुस्तक नसेल तर मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून बहुधा मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निपल शेवटी कचकचून आवळायचा नाही, तो पोकळ असतो आणि तुटतो.

हातपंपाने ओढून हवा काढत असाल तर नळीत बारीक बुडबुड्यांची माळ थांबतच नाही. ती बऱ्याचदा निपलच्या आट्यांतून ओढली गेलेली बाहेरची हवा असते. निपलभोवती जरा ग्रीस लावा, माळ थांबली तर समजा. रात्रभर काठी लावून पेडल दाबून ठेवायची जुनी युक्ती कधी कधी उपयोगी पडते, फक्त ब्रेक लाइट रात्रभर पेटून सकाळी बॅटरी झोपलेली सापडते.

एबीएसच्या (जोरात ब्रेक लावला तरी चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत टाकी कोरडी पडली असेल किंवा एबीएस युनिटच्या नळ्या उघडल्या असतील, तर घरच्या ब्लीडिंगने आतल्या वॉल्व्हमधली हवा निघेलच असं नाही. बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावून आतला पंप फिरवावा लागतो. चार वेळा नीट हवा काढूनही स्पंज तसाच असेल तर इथे थांबा आणि स्कॅनरवाल्याला बोलवा. यात कमीपणा नाही.

हवा नाही, तरी स्पंज

मग दबतंय काय? पॅड काढून पुन्हा बघा. पॅडचे कान ब्रॅकेटच्या खाचेत गंजावर चढून बसलेत का, जुनी शिम (पॅडमागची पातळ पत्री) आणि नवी शिम एकावर एक गेलीय का, आतला पॅड बाहेर लागलाय का. पॅड डिस्कला सपाट टेकत नसेल तर प्रत्येक दाबात तो आधी वाकतो, मग लागतो. कॅलिपरच्या दोन सरकत्या पिनांपैकी काही गाड्यांत एकीवर रबरी बुश असतो, त्या खाली-वर झाल्या तर कॅलिपर अडकतो. पिनेला साधं पेट्रोलियमचं ग्रीस लावलं तर रबर फुगतं, ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस घ्या. नवे पॅड डिस्कवर बसेपर्यंत किंचित मऊपणा राहतो हे खरं, पण ‘किंचित’. पाय तळाला जात असेल तर पॅडला दोष देऊन झोपी जाऊ नका.

जुन्या रबरी होजसाठी मदतनीस पेडल जोरात दाबत असताना होज मुठीत धरा. ती हातात फुगलेली जाणवली किंवा वाकवल्यावर भेगा दिसल्या तर बदला.

तरीही कळत नसेल तर होज क्लॅम्प. गोल जबड्याचा, ब्रेकसाठीचाच. पक्कड किंवा पकडपाना वापरला तर होजचं आतलं अस्तर फाटतं. चारही होज दाबून पेडल बघा. आता ते दगडासारखं लागलं तर मास्टर ठीक आहे. मग एकेक क्लॅम्प सोडत जा. जो सोडल्यावर पेडल पडतं, गडबड त्या चाकाची. चारही दाबूनही मऊ असेल तर दोष होजच्या अलीकडे: मास्टर, एबीएस युनिट किंवा लोखंडी नळ्या.

बुडणारं पेडल

आधी बाहेरची गळती. टाकीवर खूण करा, पेडल मिनिटभर दाबून धरा, चारही चाकांच्या आतल्या बाजूला कोरडा पांढरा कागद फिरवा. कुठेच ओल नाही, टाकीची पातळी तशीच, तरी पेडल बुडतंय, म्हणजे मास्टरच्या आतलं सील ऑइल मागे सोडतंय. पातळी मात्र उतरतेय आणि चाकं कोरडी, तर मास्टर मागच्या बाजूने बूस्टरमध्ये गळत असतो. मास्टरचे दोन नट सैल करून तो जरा पुढे घेतला की ओल दिसते.

लाकडी ठोकळ्याचं कारण हेच. रोजच्या वापरात पिस्टन सिलिंडरच्या पहिल्या भागातच फिरतो. पुढच्या भागात वर्षानुवर्षं गंज आणि घाण साचते. ब्लीडिंगच्या वेळी पाय तळाशी गेला की रबरी सील त्या खरखरीत भागावरून घासत जातं आणि कापलं जातं. सकाळी चांगला असलेला मास्टर संध्याकाळी गेलेला, तो असा. सील कापलं असेल तर कितीही हवा काढा, उपयोग नाही.

टाकीत चुकून पॉवर स्टिअरिंगचं किंवा इंजिनचं तेल पडलं असेल तर प्रकरण मोठं आहे. झाकणाखालचा रबर फुगून वेडावाकडा झाला असेल तर संशय घ्या. टाकीतले थोडे थेंब काचेच्या बाटलीत पाण्यात टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, तेल वर तरंगतं. तरंगलं तर त्या रस्त्यातली सगळी रबरं बदलायची, मास्टरपासून चाकांपर्यंत.

घाट उतरल्यावर मऊ झालं तर

घरी सगळं छान, ताम्हिणी उतरून माणगावला आलात आणि पेडल खाली, तासाभराने परत ठीक. हे ऑइल उकळल्याचं लक्षण. ताज्या डॉट 3 चा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस, डॉट 4 चा 230. पण ही द्रवं हवेतलं पाणी शोषतात. पाण्याचं प्रमाण 3.7 टक्क्यांच्या आसपास गेलं की हेच किमान आकडे 140 आणि 155 वर येतात. कोकणातला एखादा पावसाळा अर्ध्या उघड्या बाटलीला पुरतो. म्हणून मागच्या वर्षीची उरलेली बाटली ‘अजून भरलेली आहे’ म्हणून वापरायची नाही.

गेटबाहेर पडण्यापूर्वी

पेडल पाच-सहा वेळा दाबून घट्ट करा, दाबून धरूनच इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली सरकून थांबायला हवं, म्हणजे बूस्टर चालू आहे. सरकतच राहिलं तर वरचा बुडण्याचा भाग पुन्हा वाचा. मग अर्धा मिनिट पूर्ण जोराने दाबून धरा आणि खाली वाकून चारही चाकं, नळ्या, निपल तपासा. चाकांचे नट आवळलेत ना? टाकीची पातळी वरच्या खुणेच्या वर नको.

सोसायटीच्या आत, माणसं-मुलं नसताना, चालण्याच्या वेगाने दोन-तीनदा थांबवा, एक हात हँडब्रेकवर. मग जरा वेग वाढवून. गाडी एका बाजूला ओढली तर त्या एका चाकाचा ब्रेक जास्त किंवा समोरच्याचा कमी लागतोय. सरळ रस्त्यावर ब्रेक ठीक, पण वळण घेतल्यावर पहिला दाब खोल जातो, असं असेल तर डिस्क वेडीवाकडी फिरतेय किंवा चाकाचं बेअरिंग सैल आहे. डिस्क नवी बसवली असेल तर हबवरचा (डिस्क जिथे टेकते तिथला) गंज घासायचा राहिलाय का ते बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन चालू करण्यापूर्वी, एकदाच दाबा. रात्रभरात बारीक बुडबुडे वर सरकून एकत्र आलेले असतात, त्यामुळे थंड गाडीचा हा पहिला दाब सगळ्यात प्रामाणिक. आमच्याकडे तो मान अण्णांचा. ते चहाचा कप हातात घेऊनच येतात, एक पाय आत टाकून दाबतात, आणि काही न बोलता कप घेऊन परत गेले की मी जॅक आवरून ठेवतो.